इसबावर लॅव्हेंडरचं तेल : आधी उतार, मग उठाव

सांजवात

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मला लहानपणापासून इसब आहे. जागा ठरलेल्या: दोन्ही कोपरांच्या आतली वळी आणि गुडघ्यामागची लवण. कधी महिनोन्महिने गुण्यागोविंदाने नांदतं, कधी झोपेत खाजवून सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलेलं होतं, पण "कातडी पातळ होते" हे इतक्या जणांनी ऐकवलं होतं की ट्यूब कपाटात पडून तिची मुदत संपली.

दीड वर्षापूर्वी एका मैत्रिणीने लॅव्हेंडरच्या सुगंधी तेलाची बाटली दिली. इसेन्शियल ऑइल म्हणतात ते. वाटीत खोबरेल घेऊन त्यात अंदाजपंचे आठ-दहा थेंब टाकायचे आणि रोज रात्री लावायचं असं सुरू केलं. खरं सांगते, पहिले दोन-तीन महिने मस्त गेले. खाज उतरली, खरखरीतपणा गेला, झोप लागायला लागली. मी दहा जणींना सांगितलं, त्यातल्या चौघींनी बाटल्या आणल्या. ती यादी आता मला छळतेय.

पाचव्या महिन्यात चक्र उलटं फिरलं. वळीतल्या नेहमीच्या चट्ट्याच्या बाहेर लाल कड आली, त्यात बारीक पाण्याच्या पुळ्या. मला वाटलं इसब जोर करतंय, म्हणून तेल वाढवलं. दिवसातून दोनदा, थेंबही जास्त. एका रात्री लावताना तेलाचा ओघळ कोपरापासून खाली आला. दोन दिवसांनी त्याच वाटेने लाल रेघ उमटली. पेनाने ओढावी तशी सरळ, मनगटाच्या अलीकडे संपलेली.

त्वचेच्या डॉक्टरांनी इसबाकडे पाहिलंच नाही. रेघ पाहिली आणि विचारलं, "काय ओघळलं होतं?"

मग पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थांच्या चकत्या पाठीला चिकटवून ॲलर्जी शोधायची. ४८ तासांनी चकत्या काढल्या तेव्हा जवळपास काही नव्हतं, मी मनात जिंकले होते. चौथ्या दिवशी दोन जागा टरारून वर आलेल्या: एक माझ्याच बाटलीतलं पातळ केलेलं तेल, दुसरी "लिनालूलचे हायड्रोपेरॉक्साइड". गंमत म्हणजे शेजारची नुसत्या लिनालूलची जागा कोरी.

आता मला पडलेले प्रश्न. पहिले तीन महिने मला जे बरं वाटलं ते खरं होतं की मनाचे खेळ? ही तेलं ॲलर्जीच्या सुजेवर काम करतात असं शोधनिबंधांत लिहिलेलं असतं, ते खोटं का? आणि ते हायड्रोपेरॉक्साइड माझ्या बाटलीत आलं कुठून?

निवडुंग

वाईट वाटलं वाचून. पण मी टी ट्री नावाच्या झाडाचं सुगंधी तेल पाच वर्षं वापरतेय, तेही कधीकधी थेट, पातळ न करता. आजवर एक पुळी नाही. नैसर्गिक तेलाची ॲलर्जी कशी होईल? तुमच्या बाटलीत भेसळ असणार. शुद्ध माल बघून घ्या.

खाजगी_खाज

बिब्बाही नैसर्गिकच असतो हो. उतला की शुद्धतेची खात्री पटते.

(धागा वाचतोय. आयडीवरून कळलंच असेल की विषय जिव्हाळ्याचा आहे.)

कातडेपंडित

त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. इथे लिहिलेलं वाचून कुणी स्वतःचं निदान करू नये, एवढं एकदा म्हणून पुढे जातो.

सांजवात, तुमच्या हातावर दोन वेगळे आजार एकाच जागी आले. मूळचं इसब म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिस. त्यात त्वचेची भिंतच कच्ची असते. काही जणांत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही, त्याच्या जनुकातले बदल आणि इसब यांचं नातं २००६ मध्ये समोर आलं. भिंतीला भेगा, त्यातून पाणी बाहेर जातं आणि नको त्या गोष्टी आत येतात. दुसरा आजार म्हणजे ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, एखाद्या विशिष्ट पदार्थाच्या स्पर्शाने येणारा. हा उशिरा येतो, कारण त्यात प्रतिपिंडांचं काम नसतं, टी पेशींचं, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशींचं असतं. त्या पेशींना जागेवर पोचून दंगा करायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून ४८ तासांनी तुमची पाठ कोरी आणि चौथ्या दिवशी टरारली. काही जणांत सातव्या दिवशी पुन्हा बघावं लागतं.

निवडुंग, "पाच वर्षं काही झालं नाही" यावर माझा विश्वास आहे. पण ही ॲलर्जी जन्मतः नसते, ती वापरता वापरता जडते. रेणू त्वचेत शिरतो, तिथल्या प्रथिनाला चिकटतो, त्वचेतल्या पहारेकरी लँगरहान्स पेशी तो ऐवज उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे त्याला ओळखणाऱ्या टी पेशींची फौज तयार होते. फौज तयार होताना बाहेर काहीच दिसत नाही. एकदा झाली की ती सहसा जन्मभर आठवण ठेवते. मनगटावर एक थेंब लावून "२४ तास बघितलं, काही नाही" म्हणणारे लोक जडलेली ॲलर्जी कदाचित शोधतील, पुढे जडणारी नाही.

आणि ज्याची भिंत आधीच कच्ची, त्याच्या त्वचेत हे सगळं जास्त प्रमाणात शिरतं. म्हणजे ज्याला तेलाची आशा सर्वांत जास्त, त्यालाच धोका जास्त.

रसायनी

हायड्रोपेरॉक्साइडचं उत्तर माझ्या टेबलावरचं आहे. सुगंधी द्रव्यांच्या गुणवत्ता तपासणीत नोकरी करतो.

ते तुमच्या बाटलीत कुणी घातलं नाही, हवेने बनवलं. लॅव्हेंडरच्या तेलात साधारण तिसरा हिस्सा लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, तेवढ्याच तोलाचं लिनालिल ॲसिटेट. दोन्ही हवेतला ऑक्सिजन सावकाश ओढून घेतात. शुद्ध लिनालूल ॲलर्जीच्या दृष्टीने गरीब जीव आहे, त्याचं हायड्रोपेरॉक्साइड मात्र भांडकुदळ. म्हणून तुमच्या पाठीवर एक जागा कोरी आणि शेजारची लाल. तेलात वनस्पतीचे स्वतःचे संरक्षक घटक असतील, ते हे होऊ देणार नाहीत, असं पूर्वी समजलं जायचं. स्वीडनमधल्या संशोधकांनी लॅव्हेंडरचं तेल हवेत ठेवून बघितलं, तर ते एकट्या लिनालूलसारखंच बिघडत गेलं. तेव्हा निवडुंग, भेसळीची गरजच नाही. शंभर नंबरी तेलही जुनं होतं.

आमच्याकडे हे मोजतात कसं ते सांगतो, कारण बघायला मजा येते. तेलाचा नमुना चंचुपात्रात घ्यायचा, त्यात आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड. तेलात पेरॉक्साइड असेल तर ते आयोडीन मोकळं करतं आणि पाण्यासारखा द्रव पिवळा, मग चहासारखा तपकिरी होतो. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. रंग फिका झाला की स्टार्च घालायचा, सगळं गडद निळं होतं, आणि पुढच्या काही थेंबांत निळा रंग एकदम गायब. किती थेंब लागले त्यावरून पेरॉक्साइड किती ते कळतं. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमात लिनालूल आणि लिमोनीन (लिंबू-संत्र्याच्या सालीतलं सुगंधी द्रव्य) यांच्यासाठी पेरॉक्साइडची मर्यादा लिटरला २० मिलिमोल आहे. ताजं तेल घेतलं की चंचुपात्रात जेमतेम पिवळी छटा येते. अर्धी रिकामी, वर्षभर उघडझाप झालेली बाटली घेतली की तपकिरी रंग बघून आम्ही एकमेकांना हाका मारतो.

वास घेऊन हे कळेल या भरवशावर राहू नका. टी ट्री जुनं झालं की थोडं टर्पेंटाइनच्या अंगाने जातं, लॅव्हेंडर कित्येकदा छान गोड वास देत राहतं.

सांजवात

रसायनी, माझी बाटली वर्षभर बाथरूममधल्या फळीवर होती. झाकण कितीदा अर्धवट लावलं असेल देव जाणे. आणि आठ-दहा थेंब म्हणजे किती टक्के झालं?

रसायनी

ड्रॉपरवर अवलंबून आहे, पण ढोबळमानाने २० थेंब म्हणजे १ मिलि. वाटीत ३० मिलि खोबरेल धरलं तर दहा थेंबांचे दीड-पावणेदोन टक्के. पुढे तुम्ही "जास्त थेंब" म्हणालात म्हणजे तीनच्या पुढे गेला असाल. तुलनेला एक आकडा: युरोपात त्वचेवर राहणाऱ्या क्रीममध्ये लिनालूल ०.००१ टक्क्याच्या वर असेल तर ते लेबलावर नावानिशी लिहावं लागतं. अशा २६ सुगंधी घटकांची यादी २००३ मध्ये आली, २०२३ च्या नियमाने ती ८० च्या वर नेली.

खाजगी_खाज

म्हणजे क्रीमवाल्याने लाखात एक भाग असला तरी लिहायचं आणि आपण वाटीत थेंब मोजायचेही नाहीत. लय भारी.

बरं, पण धागाकर्तीचा दुसरा प्रश्न राहिला. ते शोधनिबंध? मी पण बरेच वाचलेत. उंदीर बरे होतात राव.

कडूकाढा

उंदरांचं मी सांगतो, हा माझा छंद आहे (डॉक्टर नाही, नुसता वाचणारा).

बहुतेक प्रयोगांचा साचा एकच. उंदराच्या पाठीवर किंवा कानावर डीएनसीबी नावाचं रसायन पुन्हा पुन्हा लावून इसबासारखी सूज आणायची. मग सुगंधी तेल चोळायचं आणि कानाची जाडी, रक्तातलं आयजीई, इंटरल्यूकिन-४ वगैरे ॲलर्जीत वाढणारी प्रथिनं मोजायची. जाडी कमी होते, आकडे उतरतात, निबंध छापला जातो. खोटं काही नाही त्यात. १९९९ मध्ये लॅव्हेंडर तेलाने उंदीर-घुशींमधली तात्काळ प्रकारची ॲलर्जी कमी होते, ॲलर्जीतल्या मास्ट पेशींतून खाज-सूज आणणारं हिस्टामीन कमी सुटतं, असंही दाखवलंय. पण उंदराची कातडी पातळ, प्रयोग काही आठवड्यांचा, आणि सूज आपणच मुद्दाम आणलेली. महिनोन्महिने लावून नवी ॲलर्जी जडते का, हे तिथे विचारलेलंच नसतं. आणि सांजवातांची गोष्ट नेमकी पाचव्या महिन्यात सुरू होते.

माणसांवरचे दोन प्रयोग मात्र मला फार बोलके वाटतात, दोन्ही टी ट्रीचे, म्हणजे निवडुंगांच्या बाजूचे.

पहिला २००२ चा. स्वयंसेवकांच्या हातात हिस्टामीन टोचून गांधी उठवली आणि २० मिनिटांनी त्यावर टी ट्रीचं तेल लावलं. गांधीचा फुगवटा खरोखर कमी झाला. म्हणजे तेलात दम आहे, मनाचे खेळ नाहीत. पण गांधी म्हणजे इसब नव्हे.

दुसरा २००५ चा, आपल्या विषयाच्या जास्त जवळचा. निकेलची ॲलर्जी असलेली माणसं घेतली, निकेल लावून त्यांच्या हातावर चट्टा उठवला आणि त्यावर चार गोष्टी वापरून बघितल्या: निव्वळ टी ट्री तेल, ५ टक्क्यांचं लोशन, तेल नसलेलं तेच लोशन, आणि मॅकाडेमिया तेल. लाली आणि चट्ट्याचा पसारा कमी केला तो निव्वळ तेलाने. ५ टक्क्यांच्या लोशनने काही फरक पडला नाही.

आता हे शांतपणे वाचा. पातळ केलं तर काम होत नाही. काम होतं ते निव्वळ तेलाने, आणि ॲलर्जी जडण्याची भीती सर्वांत जास्त तीही निव्वळ तेलाचीच.

निवडुंग

म्हणजे मी थेट लावत होते ते बरोबरच होतं की! ;)

कातडेपंडित

अर्धं बरोबर. कडूकाढा यांनी मुद्द्याला हात घातलाय, त्यात भर घालतो.

सूज उतरवणं आणि ॲलर्जी जडवणं हे दोन गुण एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, कारण दोन्हींचं मूळ एक. त्वचेतून आत जायचं तर रेणू साधारण ५०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) खाली लागतो. लिनालूल १५४, टी ट्रीतला मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल तोही १५४, लिमोनीन १३६. शिवाय चरबीत सहज विरघळणारे. इतके सरसर आत जातात की दुसरी औषधं त्वचेतून आत ढकलायला टर्पीन (याच जातीचे रेणू) वापरतात. सुजेपर्यंत पोचण्याची ही जी पात्रता, तीच टी पेशींच्या नजरेत भरण्याचीही. आत जाणार नाही ते तेल निरुपद्रवी राहील, पण मग उपयोगही शून्य.

टी ट्रीबद्दल एक सांगतो. जुन्या तेलात टर्पिनीन कमी होत जातं, पी-सायमीन वाढतं, अस्कॅरिडोलसारखे नवे घटक बनतात, आणि ॲलर्जीचा जोर त्यांच्यात जास्त. तुमची बाटली किती जुनी आहे, निवडुंग?

आई_घाईत

मध्येच घुसतेय, माफ करा. बाळ सात महिन्यांचं आहे, गालांवर आणि पोटरीवर लाल कोरडे चट्टे. "बेबी ब्लेंड" म्हणून कॅमोमाइल आणि लॅव्हेंडर घातलेलं मालिशचं तेल भेट आलंय. लेबलावर पान, फूल, हसरं बाळ सगळं आहे. लावू का?

कातडेपंडित

नका लावू. इसब असलेल्या तान्ह्या बाळाला सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर, आंघोळीनंतर अंग टिपून ओलसर असतानाच, भरपूर. तरी चट्टे लाल राहिले तर बाळाला प्रत्यक्ष दाखवा.

तुमच्या प्रश्नावर नेमका एक छोटासा प्रयोग झालेला आहे, २००० चा, फक्त आठ मुलांवरचा. इसब असलेल्या मुलांना काहींना सुगंधी तेल घालून मालिश, काहींना तेच मालिश त्याविना. सुधारले दोन्ही गट, दोघांत सांगण्यासारखा फरक नाही. म्हणजे गुण आला तो आईच्या हाताचा आणि वंगणाचा. थोडा काळ थांबून पुन्हा सुगंधी तेलं वापरली तेव्हा मुलांचं इसब बिघडलं आणि ॲलर्जी जडल्याचा संशय नोंदवला गेला. आठ मुलांवरून जगाचा निकाल लावू नये, पण सांजवातांचा आलेख आणि हा आलेख एकमेकांवर ठेवून बघा.

एक वेगळी ताकीद: पुदिना, कापूर, निलगिरी यांची तेलं तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ, छातीवर अजिबात नकोत. मेंथॉलने श्वासनलिकेच्या तोंडाशी आकडी येऊ शकते, आणि कापूर किंवा निलगिरी पोटात गेली तर झटके येतात. बाटल्या कुलपात.

आई_घाईत

धन्यवाद डॉक्टर. भेटवस्तू परत भेट देण्याचा विचार होता, तोही रद्द.

सांजवात

आईच्या हाताचं वाचून थबकले. म्हणजे माझे पहिले तीन महिने खोबरेलाचे होते का? रोज रात्री दहा मिनिटं शांत बसून चोळत होते. त्याआधी मी मॉइश्चरायझर आठवड्यातून एकदा, तेही आठवलं तर.

कातडेपंडित

मोठा वाटा त्याचाच असावा असं माझं मत. खोबरेलाला स्वतःचं थोडं बळ आहे, इसबाच्या त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकस जंतूंवरही त्याचा काही परिणाम दिसलाय. मात्र कुठलंही वंगण चालतं असं नाही. २०१३ च्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेची भिंत कमकुवत झाली, सूर्यफुलाच्या तेलाने नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. खोबरेल, तीळ, सूर्यफूल ही बियांतली जड तेलं, त्यांचा डाग कागदावर राहतो. लॅव्हेंडर, टी ट्री, लवंग ही वाफेवर काढलेली उडून जाणारी तेलं. दोघांना "तेल" म्हणतो म्हणून दोन्ही सारखी मवाळ वाटतात. बाटलीतला उडणारा अर्क म्हणजे फुलांचा ढीग एका चमच्यात आणलेला असतो.

खाजगी_खाज

डॉक, कॅमोमाइलचं काय? त्याचं तेल निळंशार असतं म्हणून मला फार आवडतं. निळं आहे म्हणजे थंड असणार असं मन म्हणतं.

रसायनी

निळा रंग फुलात नसतोच. फुलात मॅट्रिसिन असतं, ऊर्ध्वपातनाच्या वाफेत त्याचं कॅमझुलीन होतं आणि ते निळं. पहिल्यांदा पात्रात निळे थेंब पडताना बघितले तेव्हा मला वाटलं कुणीतरी शाई सांडली.

कडूकाढा

कॅमझुलीन सूज आणणाऱ्या ल्युकोट्राइनची निर्मिती रोखतं हे प्रयोगशाळेत दाखवलंय. माणसांवर, तेल नव्हे पण कॅमोमाइलच्या अर्काचं मलम, २००० च्या अभ्यासात ०.५ टक्के हायड्रोकॉर्टिझोनपेक्षा किंचित सरस ठरलं. टाळ्या वाजवण्याआधी पुढचं वाक्य वाचा: अर्क नसलेल्या मलमापेक्षाही ते जेमतेमच सरस होतं.

कातडेपंडित

आणि ०.५ टक्के हायड्रोकॉर्टिझोन म्हणजे स्टेरॉइडांतलं सर्वांत सौम्य. शिवाय शेवंती-झेंडूच्या कुळातल्या झाडांची ॲलर्जी असेल तर कॅमोमाइलपासून लांब.

बाकी तेलांबद्दल पटकन. दालचिनी आणि लवंग इसबावर नकोतच, त्यांतले सिनॅमल आणि युजेनॉल ॲलर्जी तपासणीच्या सुगंधी मिश्रणात मुद्दाम घातलेले असतात. गवती चहा, यलांग-यलांग हेही संशयितांत. बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) याचं तेल पिळून काढलेलं असेल तर त्यात बर्गॅप्टन असतं. ते लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडतात, म्हणून त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत त्याची मर्यादा ०.४ टक्के आहे.

निवडुंग

बरं, मी आडमुठी नाही. बाटली बघितली. अर्धी आहे, घेतल्याला तीन वर्षं झाली असतील, वास खरंच बदललाय. पण एक विचारते. १९१० मध्ये फ्रान्समध्ये गॅटफॉसे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचे हात भाजले आणि लॅव्हेंडरने बरे झाले. अरोमाथेरपी हा शब्दच त्याने दिला. त्याचं काय?

कडूकाढा

ती गोष्ट सांगता सांगता सुधारत गेलीय. लोकप्रिय रूप असं की त्याने जळता हात चुकून लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि चमत्कार झाला. त्याने स्वतः १९३७ मध्ये लिहिलंय ते वेगळं: स्फोटात भाजल्यानंतर जखमांत वायूजन्य कोथ (गॅस गँगरीन) पसरायला लागला आणि लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर तो थांबला. चुकून बुडवणं वगैरे नाही, विचार करून केलेला उपाय. आणि तो जंतुसंसर्ग होता, ॲलर्जी नव्हे. जंतू मारायचा गुण आणि ॲलर्जीची सूज उतरवायचा गुण ही दोन वेगळी खाती आहेत.

निवडुंग

मान्य. मग टी ट्री चालतंय की नाही हे मला घरी कसं बघता येईल? तुम्ही म्हणालात एक दिवस पुरत नाही.

कातडेपंडित

जुनी बाटली टाका. नवं तेल घातलेलं, आधीच पातळ केलेलं उत्पादन असेल तर कोपराच्या आतल्या निरोगी त्वचेवर, साधारण ५ सेंटिमीटर चौकोनात, दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे लावत राहायचं. खाज, लाली, पुळी काहीही आलं की थांबायचं. आम्हीही हीच पद्धत वापरतो. निव्वळ तेल चिकटपट्टीखाली दाबून घरी पॅच टेस्ट करू नका. त्याने निरोगी कातडीही भाजते आणि ते भाजणं ॲलर्जी समजून माणूस गोंधळतो. चट्टा उठलेला असताना तर हा प्रयोग मुळीच नको.

आणि सांजवात, त्या मुदत संपलेल्या ट्यूबबद्दल. कातडी पातळ होते ती जोरकस स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे, चुकीच्या जागी, कुणी न बघता फासल्याने. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. नेमून दिलेले दिवस तेवढं लावायचं, मग थांबायचं. फक्त चट्टा गोल, कडा उठावदार आणि मध्ये बरा होत चाललेला असेल तर आधी दाखवा. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की ते काही दिवस दबतं आणि मग दुप्पट पसरतं.

निवडुंग

दोन आठवड्यांनी धागा वर काढतेय. रोजचं टी ट्रीचं लोशन (नवं) चौदा दिवस लावलं. काहीही झालं नाही. कळवते म्हणाले होते म्हणून कळवलं. :)

कातडेपंडित

छान. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा.

रसायनी

आणि घट्ट झाकण, अंधार, थंडावा. मोठ्या अर्ध्या बाटलीपेक्षा लहान भरलेली बाटली बरी, वर हवा कमी राहते.

सांजवात

माझंही कळवते. तेल बंद करून सहा आठवडे झाले. पहिले तीन आठवडे चट्टे हटेनात म्हणून वैतागले होते. मग डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची यादी घेऊन बाथरूममध्ये बसले आणि एकेक लेबल वाचत गेले. शॅम्पूत लिनालूल, हात धुण्याच्या साबणात लिनालूल आणि लिमोनीन, "संवेदनशील त्वचेसाठी" लिहिलेल्या लोशनमध्येसुद्धा लिनालूल. सगळं बदललं. मलम दहा दिवस पेरावर मोजून लावलं, आता नुसतं बिनवासाचं मॉइश्चरायझर. वळी जवळपास साफ आहे. त्या चौघींना फोन केले. दोघींनी बाटल्या टाकल्या, एक म्हणाली मला सोसतंय, एकीने फोन उचलला नाही.

ओघळाची रेघ लाल राहिली नाही, तपकिरी झालीय. मनगटाच्या चार बोटं अलीकडे थांबते. तिथे त्या रात्री मी तेल रुमालाने टिपलं होतं.